दहावीच्या नाटकाचा शेवट

मेहकर,
१२ डिसेंबर १९६४

ती. जानराव आबांना पंचफुलाचा सविनय जयभीम.

आबा, बाबा म्हणतात मोठ्यांना पत्र लिहायचं तर आधी तब्येत विचारावी. विचारली. आता माझं ऐका, माझं डोकं तव्यावरच्या जवारीसारखं तडतडून राह्यलं आहे.

आमच्या ग्यादरिंगला वर्गावर्गांची संगीत नाटकांची चढाओढ असते. आठवी, नववी, दहावी, अकरावी, चारही वर्ग आपापलं नाटक उभं करतात. लिहिणं, चाली लावणं, मिशा चिकटवणं, पडदा ओढणं, सगळं पोरापोरींनी करायचं. मास्तरांनी बोट लावायचं नाही, ही शाळेची जुनी रीत आहे. हेडमास्तर पहिल्या रांगेत बसून शेंगा खातात, एवढंच त्यांचं काम. जिंकेल त्या वर्गात वर्षभर ढाल टांगलेली असते.

यंदा दहावीनं मला सूत्रधार केलं. आमच्या वर्गात मुली इनमिन तिघी, त्यात हे. नाटक मी लिहिलं म्हणून त्यांचा नाइलाज झाला, नाहीतर पोट्ट्यांनी मला पडदा शिवायला बसवलं असतं. आता तालमीला रोज नवं रडगाणं. शाळेत पेटी एकच, ती अकरावीचा ज्ञानदेव दाबून बसतो. म्हणतो, "आमचं मॅट्रिकचं साल आहे, तुम्ही पुढच्या साली वाजवा." मग आमच्या हाती येते तेव्हा तिचा भाता असा सुस्कारे टाकतो की गाणाऱ्यापेक्षा पेटीच जास्त रडते. नाटकात माझा बाप झालेला वसंता मिशी लावली की शिंकतो. शिंकला की मिशी पडते. मिशी पडली की सगळे हसतात आणि तालीम बंद.

आणि वेळ! प्रत्येक वर्गाला पाऊण तास. घंटा अकरावीच्या हातात, कारण ते मोठे. घंटा झाली की पडदा, मग नाटक कुठंही असो. मी विद्यार्थी मंडळात म्हटलं, वन्स मोर मिळाला तर तेवढा वेळ वेगळा धरा. ज्ञानदेव म्हणाला, "आधी मिळू तर दे, बाई. मंग घड्याळ पाहू." सगळे फिदीफिदी हसले. माझा अर्ज तिथंच मेला.

तुमच्याकडे एक काम आहे. नाटकाचं नाव 'संगीत सगुणेची पाठवणी'. सगुणा मीच. ती सासरी निघते तेव्हाच्या पदाला चाल नाही. ओळी अशा:

नका पुसू हो डोळे बाबा, मी तर पाहुणी घरची
काल तुमची सावली होते, आज परक्या दारची

तुम्ही जलशात इतकी वर्षं गायलात. एखादी चाल सुचवा. पत्रात चाल कशी पाठवायची ते मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक असेल.

आजीला जयभीम.

आपली,
पंचफुला

*

सोनाळा,
२२ डिसेंबर १९६४

चि. पंचफुलास जानराव आबाचे अनेक आशीर्वाद. जयभीम.

पोरी, तुझं पत्र आलं तवा मी हरभऱ्यात होतो. तुझ्या आजीनं, बनाबाईनं, धुऱ्यावर उभं राहून हाका मारल्या, "अहो, नातीनं कागद पाठवला, या लवकर!" मले वाटलं काय झालं न काय नाही. चप्पल एका वाफ्यात, मी दुसऱ्यात. वाचलं तर पेटीचा भाता फाटला!

भात्याले मेण लाव. मेण नसलं तर भाताची पेज न जुना कागद. जलशात आमची पेटी पावसात भिजली होती, तवा असंच केलं होतं. एका रात्रीपुरती चालली, पण त्या राती ती बाप्यासारखी गर्जली.

आता चाल. पत्रातून चाल पाठवणं म्हणजे पोस्टातून पाणी पाठवणं, पण पाहू. आपल्याकडे हळदीच्या दिवशी बाया जात्यावर बसून म्हणतात ना, पहिली ओळ घोळत घोळत, जसं जातं जड चालते तशी? तुझ्या आईले ती येते. तिले म्हणाले लाव. पहिली ओळ तशीच घे. दुसऱ्या ओळीत 'काल' वर थांब, श्वास घे, माणसाले वाटलं पाहिजे पोरगी आता रडते. पण रडू नको. 'आज'वर एकदम वर चढ. चढलीस की मंडपात एक डोळा कोरडा राह्यला तर माझं नाव जानराव नाही.

आणि वन्स मोरची काळजी करू नको. बेटा, जलशात आमची सारी कमाई तेवढीच होती. पोटाले भाकर मिळो न मिळो, 'वन्स मोर' आला की वर्षाचं पोट भरे. वन्स मोर नाकारणं म्हणजे ताटावरून उठून जाणं. मी बसलो आहे ना! मी येतो, तुझ्या आजीले आणतो, शेजारच्या बेबीताईले आणतो, गल्लीतली जी येतील ती आणतो. दहावीले वन्स मोर नाही मिळत म्हणजे काय?

आणखी एक. तू मोठी झाली. तुझ्या बापानं, भाऊरावनं, मले दिवाळीतच सांगतलं की काका, पंचफुलासाठी स्थळ पाहून ठेवा. खामगावच्या उत्तमरावचा पोरगा आहे, पंचायत समितीत नोकरीले. माणसं साखरेसारखी. मी अजून शब्द दिला नाही. तुझ्या मनात काय आहे ते सांग.

बनाबाई म्हणते, घसा जप, चिंच खाऊ नको.

तुझा,
जानराव आबा

*

मेहकर,
४ जानेवारी १९६५

ती. आबांना सविनय जयभीम.

चाल बसली! आई दोन दिवस लाजली, मग चुलीपुढं बसून म्हणून दाखवली. वसंताला तालमीत खरंच रडू आलं आणि मिशी ओली होऊन पडली. मेणाचंही चाललं. पेटी आता नुसती खोकते, रडत नाही.

ग्यादरिंग १७ तारखेला, रविवारी. नाटकं दुपारी आहेत, मुलींना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असतं म्हणून. आमचं तिसरं. तुम्ही या, सगळ्यांना आणा. पण एक गोष्ट माझ्यासाठी कराच. बाबांना आणा. ते म्हणतात रविवारी खामगाव गाडीवर ड्यूटी आहे. तुम्ही म्हटलं तर ते दुसऱ्या ड्रायव्हरशी बदली करतील. तुमच्या शब्दाबाहेर ते जात नाहीत. आणि नुसतं आणू नका, शेवटपर्यंत बसवा. तंबाखू खायला म्हणून उठतात आणि डेपोत जातात, तसं होऊ देऊ नका.

स्थळाचं तुम्ही विचारलं. आबा, ते मला तोंडानं सांगता येत नाही. बाबांसमोर तर जीभ टाळ्याला चिकटते. जे म्हणायचं आहे ते सगळं मी नाटकात म्हटलं आहे. ते पाहा, बाबांना पाहू द्या, आणि मग बोला. शेवट काय आहे ते आता सांगत नाही, वर्गातल्या पोरांनाही शपथ घातली आहे.

पाऊण तासाची घंटा लक्षात ठेवा. आमचं नाटक घड्याळात मोजून बसवलं आहे, वर उरते ती एका शिंकेपुरती जागा.

आपली,
पंचफुला

*

सोनाळा,
२० जानेवारी १९६५

चि. पंचफुलास अनेक अनेक आशीर्वाद!

वाघीण! वाघीण आहेस बे तू! काय गायलीस! मी काल घरी पोचलो, अजून कान त्या मंडपातच आहे. येताना खामगावले गाडी बदलली तवा माझी पिशवी पहिल्याच गाडीत राह्यली, बनाबाईनं वाटभर मले धुतलं, पण मले ऐकू आलं तर ना.

'आज परक्या दारची' म्हणून तू वर चढली आणि माझ्या अंगावर काटा उभा राह्यला. मी उठून उभा राह्यलो. पटका काढून वर धरला न अशी हाळी मारली, वन्स मोर! तू माझ्याकडे पाह्यलं. मले समजलं, पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. मंग तू पुन्हा गायली. दुसऱ्या खेपेले पहिल्याहून गोड. मी पुन्हा उठलो. मंग त्या अकरावीच्या पोट्ट्यांनीही धरलं, वन्स मोर, वन्स मोर! मी म्हटलं पाहा, गुण असला की वैरीही मान देतो. ज्ञानदेव कोणता ते तुमच्या शाळेतल्या एका पोरानं मले दाखवलं. चांगलं पोरगं आहे ते, तू उगाच त्याच्या नावानं बोटं मोडतं. सगळ्यात मोठ्यानं तोच वरडत होता.

तिसऱ्या वेळी तर आपल्या सोनाळ्याच्या बायांनी पदर डोळ्याले लावले. हेडमास्तरच्या हातातल्या शेंगा हातातच राह्यल्या.

आणि तुझा बाप! त्याले मी मधी बसवलं होतं, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं बनाबाई, हलाची सोय नव्हती. पण हलतो कुठं? भाऊराव, ज्याले मी त्याच्या मायच्या मौतीतही रडताना पाह्यलं नाही, तो टोपीनं तोंड पुसत होता. मले म्हणे, "काका, माही पोरगी एवढी समजदार झाली न मले घरात राहून कळलं नाही. सासरी जाचं एवढं समजून उमजून कोन म्हणते आजकाल?"

शेवट तेवढा काही कळला नाही. तू डोक्यावर बोचकं घेऊन उभी, वरात निघाली, तू बोचकं खाली ठेवाले वाकली न घंटा झाली, पडदा आला. पण वरात निघाली म्हणजे झालंच की. पाहुण्या साहेबांनीही भाषणात म्हटलं, आदर्श कन्येचं चित्र दाखवलं म्हणून. ढाल अकरावीले गेली, जाऊ दे. ढालीले काय चाटाचं आहे? लोकायच्या मनातली ढाल तुले मिळाली.

तू म्हटलं होतं नाटक पाहून मग बोला. पाह्यलं, बोललो. मंडपातून निघता निघताच भाऊरावशी बोललो, त्यानं हो म्हटलं, आणि येताना खामगावले उतरून उत्तमरावले शब्द देऊनच आलो. मार्चात पाहाले येतात. तुझ्या मनासारखं झालं ना, बेटा?

तुझा,
जानराव आबा

*

सोनाळा,
८ फेब्रुवारी १९६५

चि. पंचफुलास आशीर्वाद.

पोरी, काऊन गप्प? माझं पत्र पोचलं नाही का? आंबट खाऊन घसा बसला असंल तर हात तर बसला नाही ना! बनाबाई म्हणते, "लाजली असंल, लग्नाचं नाव काढलं की पोरी लाजतात." मी म्हणतो ही पोरगी लाजणारी नाही. दोघांत त्यावरून रोज भांडण चालू आहे. एक कार्ड टाक न हे भांडण मिटव.

आबा

*

मेहकर,
१३ फेब्रुवारी १९६५

ती. आबांना जयभीम.

तीन वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. हे फाडणार नाही, तुम्हाला कसं का वाटेना.

आबा, तुम्ही नाटक पाह्यलंच नाही. कोणीच पाह्यलं नाही.

सगुणा सासरी जातच नाही. बोचकं खाली ठेवते ते थकली म्हणून नाही. ती ते सोडते, त्यातून आपली पाटी बाहेर काढते, वऱ्हाड खोळंबलेलं असतं, बॅन्ड थांबतो, आणि ती बापाला म्हणते:

मुंडावळ्या या सोडा बाबा, पाटी हाती द्या हो
अर्धी कोरी राहिली आहे, भरू तरी ती द्या हो

मग बाप बोलतो. अर्ध्या पानाचं बोलणं आहे, मी ते सगळ्यात जास्त वेळा खोडून लिहिलं. मग वऱ्हाड परत फिरते. हे सगळं तुमच्या वन्स मोरच्या पोटात गेलं. पाठवणीचं रडकं पद मी मुद्दाम गोड केलं होतं, म्हणजे पुढं ती नाही म्हणेल तेव्हा चटका बसावा. गूळ सगळा लोकांनी खाल्ला आणि त्यातलं औषध माझ्या हातात राह्यलं.

तुम्ही म्हणता ज्ञानदेव चांगलं पोरगं. आबा, त्याच्या हातात घंटा होती! दुसऱ्या वन्स मोरला तो घड्याळाकडे पाहत होता आणि ओरडत होता. आमची पोरं पडद्यामागून मला म्हणत होती, "घेऊ नको, पुढं चल!" मी पुढं चालणारच होते. ज्ञानदेवासाठी मी थांबले नसते. त्याच्या सगळ्या अकरावीसाठी थांबले नसते. पण तुम्ही पटका हातात घेऊन उभे होते. तुम्हीच लिहिलं होतं ना, वन्स मोर नाकारणं म्हणजे ताटावरून उठणं? भर मंडपात सत्तरीच्या आजाला मी नाही कशी म्हणू? माझ्या डोळ्यात पाणी आलं ते तुम्हाला दिसलं. ते कशाचं होतं ते दिसलं नाही.

आता वर्गातली पोरं म्हणतात, पोरीला सूत्रधार केलं की असं होतं, टाळ्या पाहून भुलली. वसंता तर माझ्याशी बोलत नाही, त्याचं अर्ध्या पानाचं भाषण वाया गेलं.

ते जाऊ द्या. मी बाबांना सांगायला गेले. पहिल्यांदा आयुष्यात तोंड उघडलं. म्हटलं, बाबा, मला अकरावी करायची आहे, नाटकाचा शेवट तसा नव्हता. ते हसले. म्हणाले, "बाई, हजार मानसायपुढं गाऊन सांगतलं ते खरं, का चुलीपुढं सांगतं ते खरं?" मी म्हटलं चुलीपुढचं. म्हणाले, "पोरी लग्नाच्या आधी असंच म्हणतात." आणि गाडीवर निघून गेले.

माझ्याच शब्दांनी माझं तोंड बंद केलं, आबा. आता कोणत्या तोंडानं बोलू?

पंचफुला

*

सोनाळा,
२४ फेब्रुवारी १९६५

चि. पंचफुलास.

तुझं पत्र बनाबाईनं वाचून घेतलं. मी वाचून दाखवत होतो न मधीच पत्र खाली ठेवलं, तवा तिनं शेजारच्या पोराले बोलावून उरलेलं ऐकलं. मंग मले म्हणे, "बुढ्या, तुले टाळ्यायचं याड. जलसा सुटला पण मागून झील ओढणं काही सुटलं नाही." दोन दिवस भाकरीसंगं हेच वाढलं.

मले बोलता येत नाही तर करून तरी पाहावं म्हणून खामगावले गेलो. सारा रस्ता घोकत गेलो, उत्तमराव, शब्द माघारी घेतो, पोरीले शिकाचं आहे. पोचलो तर त्यायच्या घरी पाहुणचार मांडून ठेवला. मी म्हटलं, "उत्तमराव, एक बोलाचं होतं." तोंड उघडलं न उघडलं तं त्यायच्या बायकोनं त्यात पुरणपोळी घातली. पुन्हा उघडलं तं वरून तूप. माणूस इतका गोड वागला की त्याले नाही म्हणणं जमत नाही. तसाच परत आलो, पोटात पोळी न शब्द दोन्ही घेऊन. आता तुले समजलं असंल, तू तिसऱ्यांदा काऊन गायली ते मले कसं समजलं.

भाऊरावले पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं दोन ओळीचं: "काका, तुम्हीच शब्द दिला, तुम्हीच मोडता? पाहुण्यायले १४ मार्चले बोलावलं आहे. पोरगी पसंत पडली तर उन्हाळ्यात उरकू." झालं. मी लावलेली वात, मलेच विझवता येत नाही.

मी तिथं येत नाही. आलो तर पुन्हा काही तरी चुकीच्या जागी वरडीन. बनाबाईनं तसं सांगूनच टाकलं आहे.

एवढंच सांगतो. पाहाले आलेली माणसं पोरीले गाणं म्हणाले लावतात. उत्तमरावजवळ मी तुझ्या त्या पदाची इतकी तारीफ केली आहे की ते तेच म्हणाले सांगतील. तुझ्या घरात घंटा कोणाच्या हाती नाही, पाऊण तासाचा नियम नाही. पुढं काय करायचं ते सूत्रधारानं ठरवावं, आम्ही ठरवलं की काय होते ते तू पाह्यलंच.

जमलं तर आबाले माफ कर. नाही जमलं तर तसं लिही, पण लिही.

जानराव

*

मेहकर,
१५ मार्च १९६५

ती. जानराव काकांना भाऊरावचा जयभीम.

काका, काल पाहुणे येऊन गेले. तुम्ही आले असते तर बरं होतं, नाही आले तेही बरं झालं. माझं डोकं अजून गरम आहे, तरी लिहितो.

सगळं रीतीनं चाललं. पोहे झाले. उत्तमराव म्हणाले, "जानरावनं लई सांगतलं, ते पाठवणीचं गाणं ऐकवा." पंचफुला बसली, डोक्यावर पदर घेऊन, गायली. त्यायच्या बायकोचे डोळे भरले. उत्तमराव वा वा म्हणाले. मले वाटलं झालं, आता चहा.

पण ते पोरगी उठते कुठं? गाणं संपलं न तिनं बसल्या जागेवरून पुढंच चालवलं. एकटी. वऱ्हाडी बोलते, बॅन्डवाला बोलते, बाप्याच्या आवाजात करवला बोलते. माझ्या हातात बशी, तशीच राह्यली. मी तिच्या आईकडे पाह्यलं, तं ते दाराआड उभी राहून ओठ हलवून राह्यली होती. काका, तिले सारं पाठ होतं! माझ्या घरात मी एकटाच बाहेरचा.

मंग पोरगी ते पाटीचं गायली. गायली न थांबली. उत्तमराव वाट पाहत आहे, पुढं काय. ती माझ्याकडं पाहून म्हणते, "बाबा, आता तुमचं बोलणं आहे." म्हटलं, माझं काय? "नाटकात इथं बाप बोलतो. वसंता इथं नाही. तुम्ही बोला."

पाहुणे माझ्याकडं, बायको माझ्याकडं, शेजारची रुखमाबाई खिडकीतून माझ्याकडं. मी ड्रायव्हर माणूस, मले भाषण येत नाही. नाटक मी पाह्यलं नाही, म्हणजे पाह्यलं ते अर्धं. मले राग आला होता, तो कोणावर काढाचा ते समजेना. तोंडात जे आलं ते बोललो. म्हटलं, "पाहुणे, हिचं तिकीट मी अकरावीपर्यंतचं काढलं आहे. मी माझ्या गाडीत पाशिंजरले मधी उतरवत नाही."

उत्तमरावनं त्यायच्या बायकोकडं पाह्यलं. मंग त्यायचा पोरगा, जो तोवर मान खाली घालून बसला होता, हसला. मंग उत्तमरावही हसले. म्हणाले, बरोबर आहे, अकरावी होऊ द्या, मंग पाहू. चहा घेतला न गेले. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. सालभर लटकलं.

आता लोकं मले विचारतात, काय झालं भाऊराव? मी काय सांगू? पोरीनं मले नाटकात घेतलं न मले न सांगता पडदा वर केला. तुमचाच गुण आहे हा, मी तर कधी गायलो नाही.

भाऊराव

*

मेहकर,
१८ मार्च १९६५

ती. आबांना सविनय जयभीम.

बाबांचं पत्र मी पोस्टात टाकलं, म्हणून त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. पाकीट त्यांनी चिकटवलं नव्हतं. त्यांना माहीत होतं मी वाचणार ते.

माझ्या नाटकात बापाचं अर्ध्या पानाचं भाषण होतं. शिक्षणाचं महत्त्व, काळ बदलला, सगळं. तिकिटाचं त्यात नव्हतं. मला सुचलं नसतं. पुढच्या साली अकरावीत हेच नाटक नव्यानं करू, तेव्हा मी ते खोडून बाबांचं घालणार आहे. वसंताला सांगितलं, तो म्हणाला माझ्या भाषणाचं काय? म्हटलं, दोन ओळी आहेत, मिशी पडायच्या आत होतील. परवापासून बोलायला लागला आहे.

जिंकलं असं काही नाही, आबा. एक वर्ष मिळालं. उत्तमराव पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतील, बाबांचं तिकीट अकरावीपर्यंतचंच आहे, पुढचं काढायला मला पुन्हा भांडावं लागेल. ज्ञानदेव मॅट्रिकला बसला, ढाल शाळेतच आहे, त्याला नेता आली नाही. पुढच्या साली घंटा आमच्या हातात. पण घंटेचं मी सांगून ठेवते, ती कोणाच्याही हातात असली तरी मी आता तिच्यावर विसंबत नाही.

माफीचं तुम्ही विचारलं. मला अजून राग येतो. ते पद ओठावर आलं की येतो. आणि तुम्ही पटका वर धरला होता तेही दिसतं, मग राग अर्धवट राहतो. यावर आणखी काय लिहावं ते कळत नाही.

अकरावीसाठी नाटक पुन्हा लिहायला घेतलं आहे. तुम्ही पुन्हा या, आजीला आणा, पाहिजे तितके वन्स मोर द्या. ह्या खेपेला मी शेवट पहिल्या प्रवेशातच ठेवला आहे.

आपली,
पंचफुला